नजरकैद

"मोठ्यानं वाच की," उंबऱ्यावर मेथी निवडत बसलेली आत्ती म्हणाली.

शाळा सोडल्यापासून पुस्तकाला हात न लावलेली वैजू चडफडत वाचू लागली. मोबाइल काढून घेतल्यावर फळीवर सापडलं ते हेच, राजघराण्यातल्या भांडणाचं जुनं नाटक. संध्याकाळी पाहुणे तिला बघायला येणार होते. पोरगी त्याआधी साताऱ्याला मावशीकडं पळेल, म्हणून बापानं आपल्या बहिणीला दारात बसवलं होतं.

नाटकात थोरल्यानं गादी बळकावली आणि धाकट्या भावाला नजरकैदेत टाकलं.

"आत्ते, नजरकैद म्हंजे?"

"बेड्या नाहीत, कुलूप नाही. नुसतं कुणीतरी डोळ्यांत तेल घालून बघत बसायचं."

"तुझ्यागत!" वैजूनं पुस्तक आपटलं. मग तिची नजर आत्तीच्या आखडलेल्या गुडघ्यांवर गेली. सकाळपासून बाई चहालासुद्धा उठली नव्हती. "पण पहारेकरी तरी कुठं सुटलाय? त्यालाबी दार सोडता येत नाही."

आत्तीचा हात मेथीतच थांबला. "मला बघायला आले तवा मी तुझ्यापेक्षा लहान होते," ती हळूच म्हणाली. "माझी आत्ती बसली होती दारात."



आत्तीनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पण डोळ्यांना न लावता पाटीतल्या मेथीखाली खुपसला.

"ह्याच्याबिगर मला दारातली म्हैससुद्धा दिसत नाही," म्हणत ती कण्हत उंबऱ्याच्या कडेला सरकली. एक पोरगी जाईल एवढी जागा झाली.