चपलेखालचे धणे

चंद्रावरच्या वस्तीत नवं वर्ष लागलं, तसा मृदुलाने पेरणीचा ट्रे खोलीतल्या दिव्याखाली मांडला. मेथी पेरून झाली, टोमॅटो झाले, राहिली कोथिंबीर. अख्खे धणे पेरले तर उगवायला रडवतात, म्हणून तिने ते फडक्यात गुंडाळले आणि सांगलीच्या सवयीने चपलेखाली रगडले. एकही फुटला नाही. इथे तिचं वजन उरलं होतं सहावा हिस्सा.

तिचा नवरा यशवंत दारातून बघत होता. तिला न विचारता त्याने इथली नोकरी आणखी दोन वर्षं वाढवून घेतली, तेव्हापासून ती त्याच्याशी बोलत नव्हती.

"मी पण उभा राहू?"

"राहा. पण बोलू नकोस."

एका चपलेवर दोघं मावेनात. मग तो तिच्या पावलांवरच पाय देऊन उभा राहिला. इथे ते दुखत नव्हतं. तोल जायला लागला, तशी तिने त्याची कंबर धरली. दोघं डोलत डोलत धणे रगडू लागली.

"मला विचारायचं तरी होतंस," ती त्याच्या खांद्याशी पुटपुटली.

"चुकलंच माझं."

धण्यांचा वास केव्हाच खोलीभर झाला होता. खाली मात्र कुणीच उतरलं नाही.