नऊ नंबर

मेकअपच्या काउंटरवरच्या बाईने "चेहरा पुसून घ्या" म्हटलं, तोवर बाबा शर्टाची बाही कोपरापर्यंत गुंडाळून तयारही झाले होते.

"पुसायची गरज नाही," ते म्हणाले. "माझ्या हातावर लावून बघा. हिचा रंग म्हणजे हा."

बाई नवीन होती. आधीच्या बाईंना हे सांगावं लागत नसे. गेली एकोणीस वर्षं लेकीच्या फाउंडेशनची शेड बाबांच्या हातावर ठरत होती. चेहऱ्यावर पांढरे डाग पसरत गेले तसं तिच्या स्वतःच्या कातडीवर रंग जुळवणं अवघड झालं, पण बापाचा हात होता ना. पोरीने बापाचा रंग उचलला, असं लहानपणी जो तो म्हणायचा. आई म्हणायची, रंगच तेवढा उचलला, शिंप्याच्या पोरीला साधं बटण लावता येत नाही.

बाईने बाबांच्या मनगटावर नऊ नंबरची रेघ ओढली आणि बोटाने पसरली. रेघ हातात अशी विरून गेली की शोधून सापडेना.

"बघा," बाबा खूश होऊन म्हणाले. चाळीस वर्षं त्यांनी कापडाला धागा जुळवला होता. नजर अजून शाबूत होती.

"हा तुमचा झाला, काका. लावायचा कुणाला आहे?"

मग लेकीने चेहरा पुसला. कापसाचे पाच बोळे लागले. पूर्वी पुसताना तिची मान खाली जायची. आता दुसऱ्याच्या घरची फरशी कुणी पुसत असावं, तशी ती आरशात बघत राहिली.

बाईने दिवा जवळ ओढला. चेहरा पांढरा होता. फक्त डाव्या कानापाशी तीन आणि हनुवटीवर एक, एवढे सावळे ठिपके उरले होते.

"अहो, एवढंच ना?" बाई मोकळेपणाने हसली. "हे चार डाग? दोन मिनिटांत झाकून टाकू. उगाच कशाला सगळा चेहरा काळा करता?"

बाबांनी तोंड उघडलं. ते चार डाग नव्हतेच. डाग होता तो बाकीचा सगळा चेहरा. पण त्यांनी लेकीकडे बघितलं आणि तोंड मिटून घेतलं.

तिलाही सांगता आलं असतं. शब्द जिभेवर आलेही, पण सांगायचं तिच्या जिवावर आलं. सोमवारी नवी नोकरी सुरू होत होती. तिथे तिला कुणी धड पाहिलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी ज्या रंगाने दारातून आत जाईल, त्याच रंगाने पुढची सगळी वर्षं जावं लागणार. आज सावळी आणि उद्या गोरी, असं करता येत नाही. नऊ नंबर लावायला रोज सकाळी सव्वा तास जात होता, आणि दुपारी गळ्याशी त्याचे ओघळ दिसायचे. तीन महिने पुरणारी बाटली आता तीन आठवडेसुद्धा पुरत नव्हती.

"झाका," ती म्हणाली.

बाईने गोऱ्या रंगाचा तीन नंबर घेतला. दोन मिनिटं म्हणाली होती, दीडच लागलं.

"दिव्याखाली काही कळत नाही. दारात उजेडात जाऊन बघा."

ती दारात गेली. बाबा मागोमाग आले. त्यांनी दोन बोटांनी तिची हनुवटी धरली आणि शिवलेल्या कोटाचा खांदा बघावा तसा चेहरा या बाजूने बघितला, त्या बाजूने बघितला. ती थांबली होती. बाबा नुसतं नको म्हणाले असते तरी तिने नऊ नंबर घेतला असता. हे तिला ठाऊक होतं, आणि बाबांनाही.

"एकसारखा बसलाय," बाबा म्हणाले. "जोड कुठे दिसत नाही."

"नऊ नंबरची शेवटची एक घेऊन ठेवू का?"

"कशाला? धागा कापडाला जुळवायचा असतो. कापड बदललं की जुना धागा धरून बसायचं नसतं."

गिऱ्हाइकाशी बोलताना असायचा तसा त्यांचा आवाज होता. आता आपल्याला रडू यायला हवं, असं तिला वाटलं. आलं नाही. हनुवटीवर जरा ओलं लागत होतं, ते वाळलं.

तीन नंबरची बाटली पिशवीत पडली. दोघं रस्त्यावर आली. बाबांनी गुंडाळलेली बाही उलगडून खाली ओढली आणि कफ मनगटावर आला. पांढरा शर्ट होता, त्यांनीच शिवलेला. हातावर न दिसणारी ती रेघ कफवर उमटली, चांगली बोटभर, सावळी.

"बाबा, डाग पडला."

लोकांच्या कपड्यावर खडूची खूण राहिली तर या माणसाला घास गोड लागत नसे.

"धुतला की जाईल," ते म्हणाले.

"नाही जात. माझ्या सगळ्या कॉलरना आहे."

बाबांनी कफ वळवून उजेडात धरला. बराच वेळ बघितला.

"मग राहू दे," ते म्हणाले, आणि बटण लावायला मनगट तिच्यापुढे धरलं.