पवनचक्कीचा स्क्रू

टेबलावरची गाडी बोगद्यातून सुखरूप बाहेर आली आणि डॉक्टर वैतागले. फाटक वेळेवर पडलं. लाकूडतोड्याची करवत चालू होती, विहिरीवरची चिमुकली बाई वाकून वाकून पाणी शेंदत होती, टेकडीवरची पवनचक्की ऐटीत फिरत होती. सकाळपासून कुठे म्हणून काही बिघडलं नव्हतं. डॉक्टरांना चैन पडेना. ते स्टुलावरून उठले, पुसलेले रूळ पुन्हा पुसले, पुन्हा बसले.

दाताचे डॉक्टर होते ते. अर्धांगवायूच्या झटक्याने उजवा हात गेला आणि दवाखाना बंद झाला. मागच्या खोलीतलं रेल्वेचं टेबल चादरीखाली गेलं. त्याला कुणी खेळणं म्हटलेलं त्यांना अजूनही खपत नसे, पण चादर काढायची इच्छा उरली नव्हती. शर्टाची बटणंसुद्धा डॉक्टरीणबाई लावायच्या. मग एके दिवशी बाईंनीच चादर ओढून काढली. गाडी सुरू केली तर पवनचक्की बंद.

"द्या भंगारात," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांना ते झोंबलं. थरथरत्या बोटांत स्क्रूड्रायव्हर धरून त्यांनी अख्खी दुपार त्या चक्कीशी झटापट केली. तेव्हापासून रोज काही ना काही बंद पडायचं आणि डॉक्टर त्याच्या नावाने खडे फोडत ते दुरुस्त करायचे. बोटं वळू लागली. आता बटणं ते स्वतः लावत.

बाईंनी एरवीही त्यांना रिकामं बसू दिलं नव्हतं. जीभ सुटावी म्हणून पेपर मोठ्याने वाचायला लावायच्या. बोटांना व्यायाम म्हणून सुईत दोरा ओवायला द्यायच्या. हल्ली तर तांदूळही निवडायला पुढ्यात ठेवायच्या. "पेशंटला इतकं राबवतात होय?" म्हणून डॉक्टर कुरकुरायचे आणि मनातून सुखावायचे.

पण आज हाताला कामच नव्हतं. काम थांबलं की हात पुन्हा लोळागोळा होईल, ही धास्ती त्यांना कायमची होती. त्यांनी दोनदा मूठ वळून पाहिली. शेवटी उठून ते स्वयंपाकघराच्या दारात गेले.

"अगं, आज सगळं झकास चाललंय. पवनचक्कीसुद्धा."

चहा ओतायला निघालेल्या बाई गर्रकन वळल्या. "असं कसं? सकाळीच तर मी तिचा स्क्रू..."

त्यांनी जीभ चावली.

म्हणजे रोजचा बिघाड हिचा! डॉक्टरांना राग आला आणि त्या रागातच हसू फुटलं. इतक्या महिन्यांत आपल्याला पत्ता लागू नये! पण चक्की तर फिरत होती. ते काही डोक्यातून जाईना. ते खोलीत परतले.

दात तपासायचा छोटा आरसा त्यांनी चक्कीच्या मागे धरला. तिचा स्क्रू घट्ट होता. बोटभर खाली टेकडीचा स्क्रू मात्र ढिला झाला होता. त्याच्या भोवतीच्या हिरव्या रंगावर ओरखडेच ओरखडे होते. काही आजचे, बरेचसे जुने. स्क्रूची खाच चाचपडत शोधलेली दिसत होती.

ते पुन्हा दारात येऊन उभे राहिले. बाईंना चाहूल लागली नाही. त्या कप भरत होत्या. डाव्या हाताचं एक बोट कपाच्या आत वाकवलेलं होतं. चहा त्या बोटाला लागला, चटका बसला, तेव्हा त्यांनी किटली सरळ केली.

डॉक्टरांना पेपर आठवला, सुई आठवली, तांदूळ आठवले. त्यांनी पुढे होऊन किटली आपल्या उजव्या हातात घेतली.

"चहा राहू दे," ते म्हणाले. "तुला दिसेनासं होऊन किती दिवस झाले?"