दारावरची पाटी

ब्राझीलमधल्या आमच्या गावातली पोरं पूर्वजांची इटालियन विसरत चालली, म्हणून मी जुन्या शाळेत वर्ग काढला. दारावर एक गंजका खिळा होताच. त्याला ठसठशीत पाटी टांगली : ‘इथे पोर्तुगीज बोलण्यास सक्त मनाई.’

पहिल्याच दिवशी नव्वदीची झेलिंडाआत्या आली आणि तिने पोर्तुगीजमध्ये पाणी मागितलं. मी सगळ्यांदेखत खेकसले, "आत्या, निदान तू तरी! इटालियन आईबापाची लेक ना तू? लाज नाही वाटत?"

ती पाटीकडे बघत राहिली.

"दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी याच दारावर ब्राझील सरकारची पाटी होती गं. इटालियन बोलायला बंदी. शाळा सुटल्यावर बाबांनी मला आपल्या भाषेत हाक मारली, आणि पोलीस त्यांना घेऊन गेले."



खिळा तेव्हाचाच होता.