सत्तर अंश

"सत्तर," बाबा म्हणाले आणि त्यांनी मेणाची किटली उचलायला हात पुढे केला.

मुलीने त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. किटलीच्या काठाला अडकवलेला थर्मामीटर चौऱ्याण्णव दाखवत होता.

"थांबा!" ती ओरडली आणि बाजूने हात घालून तिने शेगडी बंद केली. ओतायला सत्तर अंश पुरे असतात. मेण असंच तापत राहिलं असतं तर कधी ना कधी भडका उडाला असता.

"एवढं किंचाळायला काय झालं? तीस वर्षं मेणबत्त्या ओततोय मी. मेण मला हातावर कळतं."

एरवी त्यांच्या बाह्या मनगटापर्यंत खाली असत. आज उकाड्याने त्यांनी त्या सरसावल्या होत्या, आणि डाव्या मनगटावर आतल्या बाजूला दहाबारा लाल ठिपके होते. काही जुने, काही आजचे. ते मेणाचा थेंब कातडीवर टाकून उष्णता जोखत होते. थर्मामीटरवरचे आकडे त्यांना दिसत नव्हते, आणि हे किती दिवसांपासून चाललं होतं देव जाणे. घरात माणसं दोनच.

"बाबा, उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ या."

"डोळे ठणठणीत आहेत माझे. विषय बदलू नकोस. किती वाजले?"

साडेचार वाजले होते. माल बांधायच्या टेबलावर वातींची रिळं बाजूला सारून लॅपटॉप ठेवला होता. दोन विद्यापीठांनी तिला प्रवेश देऊ केला होता आणि पाचच्या आत एकाला होकार कळवायचा होता. दोन्ही कॅथलिक. पहिलं दोन दिवसांच्या प्रवासावरचं, दीडशे वर्षांचं, नुसतं नाव काढलं तरी लोक खुर्ची पुढे करतील असं. दुसरं बसने चाळीस मिनिटांवरचं, सिस्टरांनी चालवलेलं.

"ह्यात विचार करण्यासारखं आहेच काय?" बाबा म्हणाले. "त्या सिस्टरांच्या चॅपलला मेणबत्त्या मी पुरवतो. ज्यांना माझा माल परवडतो, ते विद्यापीठ मोठं कसं असेल?"

एरवी ती हसली असती. "तिथल्या केमिस्ट्रीच्या सिस्टर माझ्याशी तासभर बोलल्या, बाबा. मेण थंड होताना का आकसतं, ह्यावर. मोठ्या विद्यापीठाने मला नुसता व्हिडिओ पाठवला."

"मग बघ की व्हिडिओ!"

तिने तो पाहिला होता, तीनदा. लांबच लांब दगडी व्हरांडे आणि त्यातून भराभर चालणारी मुलं. त्यांतलं कुणीही वाट चुकल्यासारखं दिसत नव्हतं. तेव्हापासून तिला नीट झोप नव्हती. म्हणजे आत्ताची ही धडधड बाबांच्या मनगटासाठी होती की त्या व्हरांड्यांसाठी? तिला खरंच सांगता येईना, आणि त्याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटत होती.

"तुझा भरवसा नाही," बाबा म्हणाले. "ऐनवेळी पाय मागे घेशील. पान उघड, बटण मी दाबणार."

ती लॅपटॉपपाशी बसली. दोन्ही होकाराची पानं तयार होती. दोन्हींवर वरच्या कोपऱ्यात क्रूसाचं चिन्ह होतं, खाली विद्यापीठाचं नाव, त्याखाली बटण. लांबून पाहिलं तर जुळी भावंडं.

तिने मनाशी ठरवून टाकलं. सिस्टरांचं पान समोर ठेवायचं. बाबांना नाव वाचता आलं, तर ते तिला चांगले फैलावर घेतील. घेऊ देत. मग डोळ्यांची काळजी नाही, निमित्तही नाही. ती मुकाट्याने दुसरं पान उघडेल आणि बॅग भरायला लागेल.

तिने ते पान उघडलं आणि चमक येऊ नये म्हणून लॅपटॉपचा पडदा खिडकीपासून वळवला. पडद्याचा उजेड पूर्ण वाढवला. अक्षरं होतील तेवढी मोठी केली.

"बाबा, आधी वाचा. मोठ्याने वाचा."

"कशाला?"

"चुकून भलत्याच ठिकाणी होकार जायला नको."

बाबा टेबलाशी आले. नाक पडद्याला टेकेल इतके वाकले. कपाळावर घाम होता, तो त्यांनी दंडाला पुसला. मुलीने खुर्चीची कड घट्ट धरली. वाचा ना, ती मनात म्हणत होती. एकदा रागवा माझ्यावर.

मग बाबांनी घसा साफ केला आणि वाचलं. दोन दिवसांच्या प्रवासावरच्या त्या मोठ्या विद्यापीठाचं लांबलचक नाव, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, स्थापनेच्या सालासकट. एकही चूक नाही. रोज मनात घोकल्याशिवाय इतकं पाठ होत नाही.

"बरोबर?" त्यांनी विचारलं.

मुलीने पडद्यावरचं सिस्टरांच्या विद्यापीठाचं नाव पुन्हा एकदा पाहिलं. शेवटी ती म्हणाली, "बरोबर."

"बटण कुठाय?"

तिने त्यांचं बोट धरून बटणावर ठेवलं. त्यांनी ते दाबलं, दोनदा, पक्कं व्हावं म्हणून. मग ताठ उभे राहिले, दोन्ही बाह्या खाली ओढल्या आणि चाचपडत मनगटाची बटणं लावली.

"बघितलंस?" ते म्हणाले. "अक्षर न् अक्षर दिसतं मला. आता बिनघोर जा."