खोटं-खोटं

कोर्टाच्या खेळघरात पाच वर्षांची जुई भातुकली मांडून बसली होती. समोर ठकी होती. मुलाचा खेळ पाहून ते आईकडे राहील की बाबांकडे, हे आता ही बोलकी बाहुलीच ठरवायची.

"हा बाबा," जुईने छोटं लाटणं उभं केलं. "आणि ही मी. खोटं-खोटं हं!"

"मग बाबा काय करतो गं?" ठकीने विचारलं.

"खोटं-खोटं माझा हात तव्यावर ठेवतो. मी खोटं-खोटं रडते. तू पण रड ना, ठके!"

काचेमागे जुईच्या आईने, शर्वाणीने, खेळतज्ज्ञ मंजिरीताईंचा दंड घट्ट धरला. "ऐकलंत? घरी विचारलं तर तोंडातून शब्द काढत नाही हो ती."

मंजिरीताई पडद्यावरचा निकाल वाचत होत्या. "ठकी म्हणते, मूल स्वतःच सांगतंय की हे खोटं आहे. बाबांकडे पाठवा."

"अहो, खेळताना सगळीच मुलं असं म्हणतात!"

"तुम्हाला-मला माहीत आहे. ठकी कुठे कधी खेळलीय? आणि माझं मत आता कोण ग्राह्य धरतं?"

आतलं दार उघडलं. दारात बाबा उभे होते. जुईने ठकीला गच्च कवटाळलं आणि तिच्या कानात विचारलं, "तू सांगितलंस ना गं सगळ्यांना?"

"हो," ठकी गोड आवाजात म्हणाली. "सगळं सांगितलं."