सलूनमधलं मतदान

"कामकाज सुरू," म्हातारे म्हणाले आणि न्हाव्यानं रेडिओ बंद केला.

म्हातारे म्हणजे नगरसेविकाबाईंचे वडील. कोर्टात पुकारा करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. त्यांनी सहज वेळ विचारली तरी शेजारच्या दुकानातला माणूस घड्याळ बघायचा. लेक दर महिन्याला मतदारांना छापील पत्र पाठवायची. सभागृहात काय काय मांडलं गेलं आणि आपण कशाच्या बाजूनं, कशाच्या विरोधात मत दिलं, ते सगळं त्यात असायचं. बहुतेक घरांत ते न वाचताच फळीवर अंथरलं जाई. या सलूनमध्ये मात्र त्याचा मान मोठा होता. म्हातारे एकेक विषय वाचून थांबायचे, दुकानातली मंडळी हात वर करून आपलं मत द्यायची आणि मगच बाईंचं मत वाचलं जायचं. जुळलं तर न्हावी हवेत कात्री वाजवायचा. नाही जुळलं तर बाईंच्या नावानं खडे फोडायची सगळ्यांना मुभा होती, अगदी वडिलांदेखत.

आज वडिलांना घरी न्यायला लेक स्वतः आली होती आणि कोपऱ्यातल्या बाकावर बसली होती. तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. वाचन चालू असताना नगरसेविका दुकानात नाहीच असं धरायचं, असा म्हाताऱ्यांचा नियम होता आणि तो मोडायची कुणाची टाप नव्हती.

पाणीपट्टीचं जुळलं. शाळांच्या छपरांचं जुळलं. कुत्री पाळण्याच्या परवान्याचं मात्र अजिबात जुळलं नाही, आणि कुलुपं दुरुस्त करणाऱ्यानं मनसोक्त तोंडसुख घेतलं. त्याची दोन कुत्री होती. लेक छताकडे बघत मुकाट ऐकत होती. खरं तर तिला हसू आवरत नव्हतं. पत्र संपलं.

"आणि शेवटच्या बसचं?" खुर्चीतून आचाऱ्यानं विचारलं. त्याच्या अर्ध्या तोंडाला फेस होता. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला एका हॉटेलात कामाला होता आणि भांडीकुंडी आवरून रोज त्याच बसनं घरी यायचा. ती बस बंद करायचा ठराव मंजूर झाला, हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. बाईंनी काय केलं, तेवढंच ऐकायचं राहिलं होतं.

म्हाताऱ्यांनी कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. बाकावर लेकीनं छताकडची नजर खाली आणली.

"आहे की, मागे आहे," म्हातारे म्हणाले. कागदावर बोट ठेवून त्यांनी त्याच खणखणीत आवाजात विषय वाचला आणि हात वर करायला सांगितलं. एकूण एक हात विरोधात गेला. आचाऱ्याचा तर चादरीसकट वर आला. म्हाताऱ्यांचं बोट कोऱ्या कागदावरून पुढे सरकलं.

"बाईंचं मत, विरोधात."

न्हाव्यानं कात्री वाजवली.

साक्षीदारांना खरं बोलायला बोलावण्यात ज्यांचा जन्म गेला, ते वडील तिच्यासाठी कोऱ्या कागदावरून वाचत होते, तेही न अडखळता. तिला त्यांची इतकी माया आली आणि स्वतःची इतकी लाज वाटली, की बसवेना.

"नाही. बाजूनं," ती उभी राहून म्हणाली. "बस बंद करायच्या बाजूनं मत दिलं मी."

नियम मोडला होता, तरी कुणी हटकलं नाही. मग तिनं सगळं सांगितलं. मतदानाच्या वेळी सभागृहात ती बाकाआड मांडीवर कागद ठेवून हेच पत्र लिहीत बसली होती. कुत्र्यांचा परवाना लोकांना नीट समजावा म्हणून एकच वाक्य पुन्हा पुन्हा खोडत होती. आजूबाजूचे हात वर गेले, तसा नादानादात तिचाही गेला, आणि काय झालं ते कळेपर्यंत मोजणी उरकली होती. पत्रात ते लिहायला हात धजला नाही. आपल्या एका मतानं ठराव काही अडला नसता, हेही अगदी ओठांवर आलं होतं; ते तिनं गिळलं.

"म्हणजे आम्हाला पत्र लिहिता लिहिता आमचीच बस घालवलीत, ताई," आचारी म्हणाला.

"हो."

आधी कुलुपवाला हसला, मग न्हावी. आचाऱ्यालाही हसू फुटलं, पण ते फार टिकलं नाही. पुढच्या महिन्यापासून घरी कसं यायचं, असं त्यानं आरशातूनच विचारलं. ठराव फिरवायला पुन्हा पहिल्यापासून खटपट करावी लागेल आणि ती मी करेन, असं ती म्हणाली. त्यानं हनुवटी पुन्हा न्हाव्यापुढे केली.

म्हाताऱ्यांनी चष्मा काढला. त्यांचे कान लाल झाले होते. लेकीकडे न बघता ते म्हणाले, की आणखी एक विषय आहे, तो पत्रात नाही, त्यांचा स्वतःचा आहे.

"पुढच्या वेळी हिला निवडून द्यायचं का? हात वर करा."

न्हाव्याचा कात्रीवाला हात लगेच वर गेला. कुलुपवाल्यानं कुत्र्यांची आठवण करून दिली, पण केला वर. खुर्चीवरची चादर मात्र हलली नाही. लेकीनं वडिलांकडे पाहिलं. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते.

"बाबा, तुमचा?"

"माझा आहेच गं," ते म्हणाले. "पण आधी त्याचा वर होऊ दे."